जोहार नव्हे, कृतज्ञता



गेले चौदा महिने आम्ही दोघे नवरा-बायको परभणी जिल्ह्यातले आमचे गाव सोडून मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळीत राहत आहोत. आमच्या सहचारिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस चालू आहे आणि मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी तिचे नाव प्रतीक्षा यादीत आहे. गावाकडचे कार्यकर्ते फोनवर दोन प्रश्न हमखास विचारतात. किडनी मिळाली का? आणि परत कधी येता, अभ्यासिका बंद पडली आहे. पहिल्याचे उत्तर 'नाही' आणि दुसऱ्याचे 'माहीत नाही' एवढेच आम्ही देऊ शकतो.

परंतु मागच्या महिन्यात एका तरुण कार्यकर्त्याने तिसराच प्रश्न विचारला. आमच्यासाठी मित्रमंडळी वर्गणी काढत आहेत हे कळल्यावर तो म्हणाला, "दादा, तुम्हीच आम्हाला शिकवलं की बाबासाहेबांच्या लेकरानं कुणापुढं हात पसरायचा नाही, कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत. मग आता हे काय?"

पोरगा उद्धट नाही. त्याचा प्रश्न आमच्याच शिकवणीतून आलेला आहे. म्हणून त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर न देता आम्ही हा लेख लिहीत आहोत.

उपकार हा शब्द आमच्या समाजाला का टोचतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. आमचे आजोबा गावचे येसकर होते. वेशीची राखण करणे, निरोप पोहोचवणे, मेलेले ढोर ओढून नेणे ही सगळी कामे ते करीत. संध्याकाळी घोंगडी आणि काठी घेऊन दारोदार उभे राहत आणि भाकरी मागत. दारात गेल्यावर पहिला शब्द असे, 'जोहार मायबाप'. आता नीट पाहा. ती भाकरी म्हणजे दिवसभराच्या कामाची मजुरी होती. पण ती मजुरी म्हणून कधीच दिली गेली नाही. ती भीक म्हणून वरून टाकली गेली, आणि वर तिच्याबद्दल वाकून आभार मानायला लावले गेले. हक्काला उपकाराचे सोंग द्यायचे आणि मग कृतज्ञता वसूल करायची, ही या व्यवस्थेची जुनी युक्ती आहे. धम्मदीक्षेनंतर आजोबांनी ती काठी चुलीत घातली. त्या दिवसापासून आमच्या घरात 'उपकार' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. आम्हीही तो तसाच वापरत मोठे झालो, आणि व्याख्यानांतून तसाच पुढे दिला.

मग आजार आला.

सहचारिणी अंगणवाडीत मदतनीस. पायांवर सूज, दम लागणे, जेवणावरची वासना उडणे हे सगळे तिने सहा महिने अंगावर काढले. रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद केल्या होत्या, कारण आमच्या दुकानाच्या भाड्याची तारीख जवळ आली होती. परभणीला रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन अकराच्या वर गेले होते. हातावर फिस्टुला केला. मनगटाजवळ बोट ठेवले की तिथे रक्ताची घरघर लागते. ती घरघर चालू आहे की नाही हे पाहणे हे आता आमचे रोज सकाळचे पहिले काम आहे.

किडनी देणार कोण? आमचा रक्तगट बी, तिचा ओ. ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचीच किडनी सहज चालते. वेगळ्या गटांच्या दोन जोडप्यांनी आपसांत अदलाबदल करण्याची सोय कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने झाली, परंतु आम्हाला बारा वर्षांपासून मधुमेह, त्यामुळे ते दारही बंद. तिची आई सत्तरीची. राहता राहिला मेंदूमृत दाता. आपल्या राज्यात अवयव वाटपासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर असे चार विभाग आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मराठवाड्यात असे अवयवदान फार क्वचित होते, मुंबईत नाव नोंदवा. पण मुंबईत नाव नोंदवून परभणीत राहता येत नाही. फोन आल्यावर काही तासांत रुग्णालयात हजर व्हावे लागते आणि परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठायला रात्र जाते. म्हणून शिलाई मशीन, दोन पेट्या आणि बाबासाहेबांचा फोटो घेऊन आम्ही निघालो.

मुंबईत आधी खोली शोधली. एका ठिकाणी सगळे ठरले, अनामत रक्कमही ठरली, आणि मग मालकाने विचारले, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव ऐकल्यावर खोली दुसऱ्याला दिल्याचे त्याला अचानक आठवले. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी नायगावच्या एका मावशींनी, ज्यांच्याशी आमचे नाते फक्त एका समता सैनिक दलाच्या शिबिरातल्या ओळखीचे, सांगितले, "माझा पोरगा पनवेलला गेलाय. खोली एकशे साठ फुटांची आहे. मध्ये पडदा लावू. या."

ही चाळ शंभर वर्षांपूर्वीची. पुनर्विकासाचे काम सुरू आहे, आमची इमारत अजून उभी आहे. शौचालय सार्वजनिक, आणि डायलिसिसच्या रुग्णाला संसर्गाची भीती मोठी. हे कळल्यावर मजल्यावरच्या बायकांनी काहीही न बोलता एक शौचालय आमच्यासाठी बाजूला ठेवले आणि त्याच ते फिनेलने धुतात. सुरुवातीला कुणी नारळपाणी आणायचे, कुणी केळी. दोन्हींत पोटॅशियम जास्त, दोन्ही तिला विषासमान. आता त्यांनाच सगळे पाठ झाले आहे. भाजी चिरून पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचे, मग फोडणी द्यायची, मीठ नावापुरते. शेजारची सून स्वतःच्या घरची भाजी करण्याआधी तिची वेगळी करून ठेवते.

आम्हाला याचा त्रास व्हायचा, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भाजीची वाटी घेताना आजोबांची घोंगडी आठवायची. आम्ही त्या सुनेच्या मुलांचे शाळेचे गणवेश फुकट शिवून दिले, मावशींना पडदे शिवून दिले, हिशेब बरोबरीत ठेवायचा प्रयत्न केला. शेवटी मावशी एकदा चिडून म्हणाल्या, "तुम्ही काय आम्हाला दुकानदार समजता का?" त्या दिवशी आमच्या लक्षात आले की आम्ही उपकार नाकारत नव्हतो, आम्ही माणसेच नाकारत होतो.

इथे प्रश्न असा आहे की हक्क कुठे संपतो आणि देणे कुठे सुरू होते?

उपचार हा हक्क आहे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराच्या प्रकरणात सांगितले आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्यात, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केलेली योजना आहे. आम्ही एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात ती मागितली तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला, "खाटा भरल्यात." आम्ही म्हणालो, "तसे लेखी द्या." अर्ध्या तासाने आमची फाईल आत गेली. यात आम्ही कुणाचे आभार मानले नाहीत आणि मानणारही नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होते, किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्यात आली. तो पैसा जनतेच्या कराचा आहे. योजनेच्या फलकावर कुणाचाही फोटो असो, त्या फोटोला जोहार घालायची गरज नाही. तरुणांनो, तुम्ही शिकलात ते इथपर्यंत शंभर टक्के बरोबर आहे.

परंतु किडनी हा हक्क नाही. दुसऱ्या माणसाच्या देहावर कुणाचाही हक्क नसतो. ज्यांच्या देहावर, श्रमावर, सावलीवर दुसऱ्यांनी पिढ्यानपिढ्या मालकी सांगितली त्यांच्याइतके हे कुणाला कळणार? उपचाराची मागणी करता येते, मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येते. अवयवाची मागणी करता येत नाही. तो कुणी दिला तरच मिळतो.

हे आम्हाला आमच्या मेव्हण्याने शिकवले. त्याचा रक्तगट ओ. तो आधी तयार झाला, चाचण्यांची तारीखही ठरली, आणि आदल्या रात्री त्याचा फोन आला. त्याची बायको रडत होती. दोन लहान लेकरे, ऊसतोडीचा हंगाम, पुढे अंगमेहनत जमली नाही तर काय? तो म्हणाला, "भाऊजी, मला माफ करा." आम्ही फोन आपटला. पुढचे तीन महिने त्याच्याशी बोललो नाही. आम्हाला वाटत होते, भावाने बहिणीला किडनी द्यायलाच हवी. म्हणजे आम्ही काय करत होतो? गावच्या पाटलासारखे, दुसऱ्याच्या देहावर हक्क सांगत होतो. नाही म्हणण्याची मोकळीक नसेल तर ते दान कसले? ती वेठ झाली. शेवटी सहचारिणीनेच त्याला फोन लावला. ती म्हणाली, "बाबू, तू खरं बोललास ते बरं केलंस. मनात नसताना दिली असतीस तर ती मला जड गेली असती." तो आता दर महिन्याला गावाकडून ज्वारी पाठवतो. ती ज्वारी आम्ही आनंदाने खातो.

आणि एक कडू गोष्ट. आमच्या डायलिसिसच्या पाळीत पुरुष रुग्णांना किडनी द्यायला कोण पुढे आले, हे आम्ही विचारत गेलो. बायको, आई, बहीण. बाई आजारी पडली की मात्र घरातले पुरुष जमिनीकडे बघतात. देशभरातही जिवंतपणी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हेच चित्र आहे. बौद्ध घरेही याला अपवाद नाहीत. आमच्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याच्या बायकोला कुणी विचारलेसुद्धा नाही, ती देणारच असे सर्वांनी धरून चालले. तिला नंतर कुणी धन्यवादही म्हटले नाही. मालकाने मजुरी देऊन आभार वसूल केले, हे आम्हाला दिसते. बाईकडून आयुष्य घेऊन आम्ही आभारही मानले नाहीत, हे का दिसत नाही? ज्या चळवळीला हक्काची भाषा येते, तिला कृतज्ञतेची भाषा आली नाही तर ती स्वतःच्या घरातच जुलूम करू लागते.

आता यादीबद्दल. प्रतीक्षा यादीत क्रम ठरतो तो रक्तगट, डायलिसिसवर काढलेला काळ, वय अशा निकषांवर आणि गुणांवर. जातीला तिथे रकाना नाही. पुढाऱ्याच्या चिठ्ठीला गुण नाहीत. अवयवाची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. दाता कोण आणि घेणारा कोण, हे दोन्ही कुटुंबांपासून गुप्त ठेवले जाते. ज्या देशात पाण्याच्या माठालाही जात विचारली जाते, तिथे एका कुटुंबाने आपल्या माणसाचे हृदय, यकृत, किडनी कुणाला जाईल हे न विचारता देऊन टाकावे, ही आम्हाला बंधुतेची सर्वांत मोठी कृती वाटते. पण यादी समान असली तरी यादीपर्यंतचा रस्ता समान नाही, हेही तितकेच खरे. चाचण्यांचा खर्च, मुंबईत राहण्याचा खर्च, प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यायच्या औषधांचा खर्च हे सगळे रस्त्यातले टोलनाके आहेत. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ती विसंगती आम्ही डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून रोज पाहतो. मराठवाड्याच्या माणसाला मराठवाड्यातच किडनी मिळाली पाहिजे, यासाठी लढावे लागेल. परत आल्यावर ते आमचे पहिले काम.

मार्च महिन्यात एका रात्री साडेअकराला फोन आला. ओ गटाचा दाता आहे, ताबडतोब या, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर आहात. दुसरा क्रमांक म्हणजे पहिल्या रुग्णाचे रक्त जुळले नाही किंवा त्याला ताप वगैरे निघाला तर तुमचा नंबर. मावशींनी टॅक्सी थांबवली, मजल्यावरचे सगळे जागे झाले. रुग्णालयात रक्त घेतले आणि आम्ही बाकावर बसून राहिलो.

मेंदूमृत घोषित करायला चार डॉक्टरांचे मंडळ लागते, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. म्हणजे आम्ही त्या बाकावर बसलो होतो तेव्हा या शहरात कुठेतरी एक कुटुंब त्या तासांतून गेलेले होते. हृदय धडधडताना दिसत असताना 'माणूस गेला' हे त्यांना ऐकावे लागले होते. आणि ते ऐकून त्यांनी सही केली होती.

सहचारिणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण कुणाच्या मरणाची वाट बघायलोत का हो?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. चौदा महिने हाच प्रश्न आम्ही एकमेकांपासून लपवत होतो. पावसाळ्यात अपघाताची बातमी आली की मनात पहिला विचार कोणता येतो, हे आम्हाला ठाऊक होते आणि त्याची लाज वाटत होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मरण तर आपण नाही आणलं. ते येणारच होतं. त्या लोकांनी त्यातून काहीतरी वाचवलं. आपण त्याची वाट बघतो, मरणाची नाही."

पहाटे पाच वाजता सांगितले की पहिल्या रुग्णाचे जुळले, तुम्ही घरी जा. आम्हाला वाईट वाटायला हवे होते. थोडे वाटलेही. पण टॅक्सीत ती म्हणाली, "त्या बाईला मिळाली ना? चांगलं झालं." पहिली रुग्ण बाई आहे की बाप्या, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. चाळीत आल्यावर तिने फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि आम्ही त्या अनोळखी माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी त्रिसरण-पंचशील घेतले. किडनी मिळालीच नव्हती, तरीही. कृतज्ञता ही मिळालेल्या वस्तूची पावती नसते, हे आम्हाला त्या पहाटे कळले.

महामंगल सुत्तात मंगल गोष्टींची जी यादी आहे तिच्यात 'कतञ्ञुता' आहे. केलेले जाणणे, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्यात वाकणे नाही, मायबाप नाही, जोहार नाही. विनयपिटकात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा आहे. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले आणि संघाला बजावले की तुम्हाला आई-बाप जवळ नाहीत, एकमेकांची शुश्रूषा तुम्ही नाही केलीत तर कोण करणार? त्या भिक्खूला कुणी लाचार म्हटले नाही. तो संघाचा होता, म्हणून त्याला मिळाले. नायगावच्या त्या मजल्यावर आम्हाला जे मिळाले, ते हेच. चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर परळची बीआयटी चाळ आहे, जिथे बाबासाहेब १९१२ ते १९३४ राहिले. आम्ही डायलिसिस नसलेल्या दिवशी तिथवर चालत जातो. दोन खोल्या, समोर सार्वजनिक व्हरांडा. शेजाऱ्यांशिवाय अशा घरात कुणाचाच संसार चालत नाही, हे तिथे उभे राहिले की कळते.

तेव्हा आमच्या तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे. जो हक्क आहे तो छाती काढून माग, आणि त्याबद्दल कुणाला जोहार घालू नकोस. जे हक्काचे नाही आणि तरी कुणी बरोबरीच्या नात्याने दिले, ते बरोबरीच्या नात्याने घे आणि ते जाण. वर्गणीत तू पाठवलेले दोनशे रुपये आम्ही घेतले आहेत. ते आम्ही परत करणार नाही.

आणि एक काम सांगतो. आपल्याकडे जयंतीला रक्तदान शिबिरे होतात, ती चांगलीच आहेत. यंदा त्या मंडपात अवयवदानाचेही एक टेबल लावा. 'डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होशील' ही भीती आत्मा आणि पुनर्जन्म मानणाऱ्यांची. बाबासाहेबांनी आत्मा नाकारणारा धम्म दिला, तरी आपल्या वस्त्यांत ती भीती का आहे? आता आधार क्रमांकावरून ऑनलाइन प्रतिज्ञा करता येते. पण फक्त अर्ज भरून भागत नाही. शेवटी सही घरच्यांना करावी लागते, म्हणून त्याच दिवशी घरी जाऊन आई-बापाशी, बायकोशी, नवऱ्याशी बोला. आम्ही दोघांनी आपापले अर्ज भरले आहेत. सहचारिणीने विचारले, "माझं काय घेणार हो ते?" डॉक्टर म्हणाले, "डोळे तर आहेत ना." तेव्हापासून ती चाळीतल्या सगळ्यांना सांगत फिरते की माझे डोळे द्यायचे आहेत, विसरू नका.

उद्या सकाळी सहाला तिची डायलिसिसची पाळी आहे. मावशींनी आताच भाजी उकळायला ठेवली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!